आठवड्याचा पहिला दिवस कोणता?



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला फोन केले. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस संगणकाच्या प्रोग्रॅमवर काय बोलणार, अशी त्यांची शंका. शंका रास्त आहे. आम्ही जन्मात एकही प्रोग्रॅम लिहिलेला नाही. पण गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली आणि त्या गोष्टीच्या मागे लागून आम्ही पार इसवी सन ४८४ पर्यंत जाऊन आलो. तोच प्रवास आज सांगायचा आहे.

आमच्या इमारतीत एक तरुण अभियंता राहतो. कारखान्यांना पगाराचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत तो काम करतो. एके संध्याकाळी तो वर आला आणि म्हणाला, "सर, चालू आठवडा कधी सुरू झाला हे काढायचं एक ओळीचं गणित असतं. ते आमचं चुकलं. आणि ते चुकलं हे आम्हाला एका फिटरनं सांगितलं."

ती ओळ आधी समजून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. संगणकाला आजची तारीख ठाऊक असते. प्रत्येक वाराला त्याने एक क्रमांक दिलेला असतो. जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत रविवार म्हणजे ०, सोमवार १, असे करत शनिवार ६. आज बुधवार असेल तर क्रमांक ३. आजच्या तारखेतून ३ वजा करा, की आला रविवार. आठवड्याची सुरुवात सापडली. इतके सोपे आहे. आता कुणाला आठवडा सोमवारपासून हवा असेल तर तो म्हणतो, वजाबाकी झाल्यावर एक मिळवा. बुधवारमधून ३ गेले, १ मिळवला, सोमवार आला. मंगळवारी चालते, शुक्रवारी चालते, शनिवारीही चालते. रविवारी काय होते? शून्य वजा करायचे आणि एक मिळवायचा. उत्तर येते, उद्याचा सोमवार. म्हणजे रविवारी बसून विचारले की बाबा रे, चालू आठवडा कधी सुरू झाला, तर यंत्र सांगते, उद्या सुरू होणार आहे! सहा दिवस बरोबर चालणारी ही चूक असंख्य प्रोग्रॅमरांनी केलेली आहे. रविवारी कार्यालये बंद असतात, त्यामुळे ती लवकर सापडत नाही. तिच्यावरचा उपायही जुनाच आहे: क्रमांकात ६ मिळवा, ७ ने भागा आणि जी बाकी उरेल तितके दिवस मागे जा. रविवारी ६ उरतात, सोमवारी शून्य. झाले.

आम्हाला वाटले, या पोराची चूक हीच. तो म्हणाला, "नाही सर, ती आम्ही कधीच सुधारली. आमचं गणित सोमवारपासून बिनचूक चालत होतं." मग बिघडले कुठे?

फिटरची हकिगत अशी. एका रविवारी यंत्र बंद पडले म्हणून त्याला बोलावले. त्याने ८ तास काम केले. बदलीची सुट्टी पुढच्या बुधवारी घेतली. त्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे पाच दिवस रोज ९ तास काम केले, म्हणजे ४५ तास. रविवारचे ८ धरून ५३. आठवड्याला ४८ तासांच्या वर काम झाले की वरच्या तासांना दुप्पट दर, हा कायदा. म्हणजे ५ तास दुपटीचे व्हायला हवेत. पगारपत्रकात एकही नव्हता. कारण यंत्राच्या हिशेबात तो रविवार आधीच्या आठवड्याचा शेवट होता. आणि आधीच्या आठवड्यात हा गृहस्थ दोन दिवस रजेवर होता. ३२ तास आणि हे ८ मिळून ४०. इकडे ४० झाले, तिकडे ४५ राहिले, ४८ कुठेच ओलांडले नाहीत. पाच तास दोन आठवड्यांच्या फटीत पडले. बेरीज अचूक, बाकी अचूक आणि माणसाचे पैसे गेले.

आता आम्ही २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने कायदा काढून वाचला. निवृत्तीनंतर अशा गोष्टींना वेळ असतो. त्याच्या दुसऱ्या कलमातच आठवड्याची व्याख्या होती: शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू होणारे सात दिवस, किंवा एखाद्या भागापुरती मुख्य कारखाना निरीक्षकाने लेखी मान्य केलेली दुसरी कुठली रात्र. म्हणजे रविवार पहिला. आणि ५२ वे कलम म्हणत असे, आठवड्याच्या पहिल्या दिवशी सुट्टी. पाहा, आपण बोलताना शनिवार-रविवारला 'आठवड्याचा शेवट' म्हणतो. तो कायदा त्याच रविवारला आरंभ म्हणत असे. पोराने सोमवार का धरला? त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याने वापरलेल्या साधनात सोमवार आधीच भरलेला होता. त्याला तो निर्णय आहे असे वाटलेच नाही; त्याला ते कालगणनेचे सत्य वाटले.

इथे आमच्यातला जुना मास्तर जागा झाला. न्याय-वैशेषिकांचे एक मत आम्ही वर्षानुवर्षे शिकवले: काळ एक आहे, अखंड आहे; क्षण, दिवस, मास हे भेद उपाधींमुळे होतात. उपाधी म्हणजे बाहेरची खूण. दिवसाची खूण सूर्याचे उगवणे, महिन्याची चंद्राचे वाढणे-घटणे, वर्षाची ऋतूंचे फिरून येणे. वर्गात इतके सांगून आम्ही पुढे जात असू. एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि आम्हालाही सुचले नाही, की मग आठवड्याची उपाधी कोणती? आकाशात दर सात दिवसांनी काय घडते? काहीही नाही. चंद्राचा चौथा भाग म्हणावे तर चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. त्याचे चार भाग सातांचे होत नाहीत. आठवड्याला आधार एकच, माणसांनी न चुकता मोजत राहणे. चुकले तर आभाळाकडे पाहून दुरुस्त करण्याची सोय नाही.

वेदांगज्योतिषात तिथी आहेत, नक्षत्रे आहेत, वार नाहीत. ग्रहांच्या नावाचे वार आपल्याकडे होरेच्या कल्पनेबरोबर, ग्रीक-रोमन जगाशी आलेल्या संबंधांतून आले. वारांचा हा विचित्र क्रम, रवीनंतर चंद्र, मग मंगळ, हाही एका बाकीतूनच निघतो. ग्रह मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत मांडा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ होरांना एकेक ग्रह ओळीने वाटत जा. २४ ला ७ ने भागले की ३ उरतात. म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा तीन घरे सोडून पुढच्या ग्रहाकडे जाते. शनीनंतर रवी, रवीनंतर चंद्र, चंद्रानंतर मंगळ. इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त आर्यभटाने हा नियम थोडक्यात दिला आहे. त्याच ग्रंथात भारतीय युद्धाच्या काळाशी जोडलेल्या एका गुरुवारचाही उल्लेख आहे.

गुरुवारावरून एरणला जाऊ. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताच्या काळातला एक दगडी स्तंभ आहे. त्यावरच्या लेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार, असे कोरलेले आहे. भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा जो सर्वांत जुना उल्लेख मिळतो त्यांत याची गणना होते. एकोणिसाव्या शतकात गुप्त संवत् नेमका कधी सुरू झाला यावर विद्वानांत मोठा वाद होता. फ्लीट नावाचे इंग्रज अधिकारी गुप्तांच्या लेखांचा संग्रह करत होते. तो १८८८ साली छापला गेला. त्यांना गणिती हवा होता. तो त्यांना मिळाला आपल्याकडे: शंकर बाळकृष्ण दीक्षित, दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. पुढे १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा ग्रंथ लिहिणारे तेच. दीक्षितांनी गणित करून दाखवले की ती तिथी २१ जून ४८४ ला येते आणि त्या दिवशी गुरुवारच पडतो.

यात मोलाची गोष्ट कोणती? तिथी तर दरवर्षी येते. वर्ष चुकीचे धरले तरी आषाढ शुद्ध द्वादशी मिळणारच. पण तिच्यावर गुरुवार सहज पडत नाही. वार हा साक्षीदार आहे. बाकीचे सगळे जुळवता येते, वार जुळवून घेता येत नाही.

आपल्या जुन्या पंचांगकर्त्यांना हे नीट ठाऊक होते. त्यांची मुख्य पायरी म्हणजे अहर्गण, ठरलेल्या आरंभापासून आजपर्यंत गेलेल्या दिवसांची संख्या. सिद्धान्तग्रंथ कलियुगाच्या आरंभापासून मोजत. तो दिवस शुक्रवार धरलेला. अहर्गणाला ७ ने भागा, बाकी शुक्रवारपासून मोजा, वार मिळाला. संगणक हेच करतो. युनिक्सच्या मोजणीचा आरंभ १ जानेवारी १९७०. त्या दिवशी होता गुरुवार. म्हणून दिवसांच्या संख्येत ४ मिळवून ७ ने भागले की रविवारपासूनचा क्रमांक मिळतो. ते ४ कुठून आले असे विचारले तर पुष्कळ प्रोग्रॅमर डोके खाजवतात. गुरुवारचे आहेत ते.

मोठ्या संख्या हाताने भागणे त्रासाचे, म्हणून करणग्रंथकारांनी जवळचे आरंभ घेतले. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 'ग्रहलाघवा'त शके १४४२ घेतला, इ. स. १५२०. महाराष्ट्रात कित्येक पिढ्या पंचांगे याच ग्रंथावरून होत आली. त्यांची युक्ती अशी, की अकरा वर्षांचे एक चक्र करायचे, ४०१६ दिवसांचे, आणि अहर्गण चालू चक्रापुरताच ठेवायचा. संख्या लहान राहते. पण ४०१६ ला ७ ने भाग जात नाही, ५ उरतात. म्हणून वार काढताना गेलेल्या प्रत्येक चक्रामागे ५ मिळवायचे, मग ७ ने भागायचे आणि बाकी सोमवारपासून मोजायची, कारण आरंभाचा दिवस सोमवार होता. युक्ती पाहा: मोठा आकडा टाकून दिला, पण त्याची सातावरची बाकी जपून ठेवली.

आणि खरी मौज पुढे आहे. अहर्गण तिथींवरून काढताना सरासरीमुळे एका दिवसाची चूक होऊ शकते, हे सर्वांना माहीत होते. मग करायचे काय? आलेल्या अहर्गणावरून वार काढायचा. तो आजच्या वाराशी जुळला नाही तर अहर्गणात एक मिळवायचा किंवा एक वजा करायचा. आजचा वार कुठून कळणार? तो गावाला माहीत असतो! बाजार कुठल्या वारी भरतो हे ज्योतिषाला विचारायला कुणी जात नाही. म्हणजे एवढे सूक्ष्म गणित, पण त्याचा शेवटचा तपासनीस म्हणजे गावचा आठवडी बाजार.

'आठवडा' हा शब्द तेवढ्यात पाहून घेऊ. दिवस सात आणि नावात आठ. आपण आजही म्हणतो, 'आठ दिवसांनी या', आणि माणूस सातव्या दिवशी, त्याच वारी, येतो; कुणाची चुकामूक होत नाही. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत दोन्ही टोके धरून मोजले की आठ होतात. रोमन लोकांचा बाजार आठ दिवसांनी भरे आणि त्याच्या नावात नऊ होते. तेही दोन्ही टोके धरत. आमचा तरुण मित्र म्हणाला, "एकानं चुकणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे." आम्ही म्हटले, अरे, ती चूक नव्हे, मोजण्याची एक रीत आहे. चूक होते ती एकाने एका रीतीने मोजले आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तेव्हा.

मोजणे मात्र अखंड चालले. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी पंचांग सुधारले तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. दहा तारखा गळल्या. पण ४ ला गुरुवार होता आणि १५ ला शुक्रवार. वाराला हात लावण्याचे धाडस झाले नाही. फ्रेंच क्रांतिकारकांनी दहा दिवसांचा आठवडा आणला, तो टिकला नाही. सोव्हिएत राजवटीने १९२९ मध्ये पाचांचा, मग सहांचा केला आणि १९४० मध्ये मुकाट्याने सातावर परत आली.

सात टिकले, पण सुरुवात कुठून, यावर जग कधीच एक झाले नाही. भाषांतही हे गोठलेले आहे. पोर्तुगीज भाषेत सोमवारचे नाव म्हणजे 'दुसरा', शुक्रवारचे 'सहावा'. गोव्यात साडेचार शतके सरकारी कागदांवर हेच वार होते. रशियन भाषेत 'दुसरा' हा मंगळवार आणि 'पाचवा' हा शुक्रवार. एकाने रविवारपासून मोजले, दुसऱ्याने सोमवारपासून. संगणकाच्या भाषांनी हे भांडण जसेच्या तसे उचलले. सी आणि जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य. पायथॉनमध्ये सोमवार शून्य. आणि त्याच पायथॉनमध्ये दुसरी एक सोय आहे, तिच्यात सोमवार एक. एक्सेलमध्ये काही न सांगता विचारले तर रविवार एक. १९८८ साली आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले, त्याने सोमवार पहिला ठरवला. आणि देशोदेशींच्या रिवाजांची जी यादी संगणकांत वापरली जाते तिच्यात भारतासमोर रविवार आहे, युरोपातल्या बहुतेक देशांसमोर सोमवार, अरब जगातल्या कित्येकांसमोर शनिवार, मालदीवसमोर शुक्रवार.

बरे, वार ठरला तरी दिवस कुठे सुरू होतो हे उरतेच. वराहमिहिराने 'पंचसिद्धान्तिके'त याबद्दल जवळजवळ तक्रारच केली आहे. लाटाचार्य यवनपुरातल्या सूर्यास्तापासून दिवस मोजतात, सिंहाचार्य लंकेतल्या सूर्योदयापासून. आर्यभट एकदा लंकेतल्या मध्यरात्रीपासून म्हणतो आणि तोच पुन्हा सूर्योदयापासून म्हणतो. लंका म्हणजे इथे उज्जयिनीच्या रेखेवरचा विषुववृत्तावरचा बिंदू. मग आजच्या दिवसाचा स्वामी कोण हे ठरायचे कसे? सोमवारी पहाटे चारला घरातल्या पंचांगाप्रमाणे रविवारच चालू असतो, कारण सूर्य उगवायचा आहे. घड्याळाप्रमाणे सोमवार लागून चार तास झालेले असतात.

हा वाद संपला असे समजू नका. बहुतेक सर्व्हरांची घड्याळे जागतिक वेळेवर चालतात, ती आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागला तरी पहाटे साडेपाचपर्यंत त्या यंत्राचा शनिवार चालूच असतो. प्रोग्रॅमरने स्थानिक वेळ सांगितली नाही, तर रात्रपाळीवाल्याचे ते तास मागच्या आठवड्यात जातात. यवनपुराच्या जागी ग्रिनिच आले, एवढेच.

आता एक उदाहरण, जे आम्ही त्या पोराकडून मुद्दाम करवून घेतले. तारीख घेतली १० जून १८९०. ही तारीख मुंबईच्या कामगारांच्या इतिहासातली आहे. त्यापूर्वी गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले आणि सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का? साहेबाचा चर्चचा दिवस हे तर खरेच. पण रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून आम्हाला तो द्या, असाही युक्तिवाद लोखंड्यांच्या नावावर सांगितला जातो. मागणी दोन्हीकडून पटेल असा तो वार होता.

तर आम्ही विचारले, हा ठराव झाला तो आठवडा कोणत्या रविवारी सुरू झाला? पोराने युनिक्सच्या मोजणीने दिवस काढले. १९७० च्या आधीचे असल्यामुळे संख्या उणे आली: उणे २९,०५९. गुरुवारचे ४ मिळवले, उणे २९,०५५. सातने भागले. जावास्क्रिप्टने बाकी सांगितली उणे ५. पायथॉनने सांगितली २. शून्य रविवार धरला तर २ म्हणजे मंगळवार, आणि ते बरोबर आहे. उणे पाचवा वार कोणता हो? आणि उणे ५ वजा करायचे म्हणजे ५ मिळवायचे, म्हणून जावास्क्रिप्टने आठवड्याची सुरुवात दाखवली १५ जूनला, पाच दिवस पुढे! खरा रविवार ८ जून. कारण असे, की भागाकार करताना एक भाषा शून्याच्या दिशेने थांबते, दुसरी नेहमी खालच्या बाजूला थांबते. दोघींचा भागाकार आपापल्या व्याख्येने शुद्ध आहे. इलाजही सोपा: आलेल्या बाकीत ७ मिळवा आणि पुन्हा ७ ने भागून बाकी घ्या. गणेश दैवज्ञांना हा प्रसंग आला नसावा. त्यांना पुढचीच पंचांगे करायची होती.

परत फिटरकडे येऊ. पोराला आम्ही म्हटले, सोमवार काढून रविवार घाल, प्रश्न मिटला. तो घालायला निघालाही. पण आम्ही ५२ वे कलम शेवटपर्यंत वाचले नव्हते. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात म्हटले होते: रविवारी काम करणाऱ्याने त्याची बदलीची सुट्टी आधीच्या तीन दिवसांत घेतली असेल, तर तासांच्या हिशेबासाठी तो रविवार आधीच्या आठवड्यात धरावा. वाचून आम्ही पेन खाली ठेवले. म्हणजे कायद्याचा आठवडा माणसागणिक बदलू शकत होता! सुट्टी मागून घेतली तर रविवार या आठवड्याचा, आधी घेतली तर त्या आठवड्याचा. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांसाठी तोच रविवार दोन आठवड्यांत. आणि ५७ वे कलम रात्रपाळीबद्दल सांगत असे, की मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरा. त्या कामगाराचा पुढचा दिवस त्याची पाळी संपल्यावर सुरू होई. लाटाचार्य, सिंहाचार्य आणि आर्यभट यांच्या पंक्तीला आता कारखान्याचा भोंगाही बसला.

कायदा करणारे लोक गोंधळलेले होते असे मात्र आम्हाला वाटत नाही. त्यांना एक साधी गोष्ट साधायची होती: विसाव्याचा दिवस आणि कामाचे दिवस एका हिशेबात राहावेत. आठवडा त्या हिशेबासाठी आहे. प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र आठवडा आधी ठरतो आणि माणूस नंतर त्यात बसवला जातो. आम्ही चाळीस वर्षे संकेत आणि वस्तुस्थिती यांतला भेद शिकवला, परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्नही काढला. त्या भेदाची किंमत पाच तासांचा दुप्पट पगार असू शकते, हे आम्हाला पंचाहत्तरी जवळ आल्यावर कळले.

त्या मुलाने नंतर बरेच बदल केले. आठवडा कोणत्या वारी सुरू होतो हे आता त्याच्या प्रोग्रॅममध्ये आधीच भरलेले नसते. प्रत्येक कारखान्याला ते भरावे लागते आणि भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. स्थानिक वेळ तशीच. बदलीच्या सुट्टीचा नियम त्याने वेगळा लिहिला. ती एक ओळ आता साठेक ओळींची झाली, असे तो थोडे कुरकुरत सांगत होता. फिटरचे पाच तास पुढच्या महिन्याच्या पगारात मिळाले.

आम्हाला एक कुतूहल राहिले होते. पगारपत्रक पाहून पाच तास कमी आहेत हे फिटरला कळले कसे? म्हणून तो मुलगा त्याच्याकडे गेला आणि त्याच्या खिशातल्या वहीच्या दोन पानांचा फोटो काढून आला. रोजचे तास लिहिलेले आणि प्रत्येक शनिवारच्या खाली एक आडवी रेघ. फक्त एका ठिकाणी रेघ शनिवारच्या खाली नव्हती, रविवारच्या खाली होती. हे काय, असे मुलाने विचारले. तो म्हणाला, "त्या टायमाला सुट्टी आधी घेतली होती ना."